पाण्यात ठेवलेले जीव

वैशाख लागला की पलूसच्या हवेत वाळल्या पाचटाचा वास भरतो. त्याच्या मागोमाग, गेली तीन वर्षं, मला आणखी एक वास येतो. उघड्या पडलेल्या तळ्याच्या गाळाचा. ते तळं माझ्या माहेरच्या गावी, कुंडलच्या डोंगरापलीकडं, माळाच्या अंगाला. तिथल्या गाळानं इथं माझ्या स्वयंपाकघरात वास मारायचं काही कारण नाही. तरी येतो. भाकरी थापताना येतो, पेपर उघडताना येतो. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेली बाई मी. नाक आठवणी धरून ठेवतं हे मला कुणी सांगायला नको. मी उठून खिडकी लावून घेते. खिडकी लावली की वास आणखी वाढतो.

परवा बिरूआण्णांचा फोन आला. बिरूआण्णा म्हणजे त्या तळ्याकाठच्या बिरोबाचे पुजारी. धनगराचं घर; वडिलांच्या काळात मेंढरांचा मोठा कळप होता, आता तीसेक मेंढरं आणि बाकी डाळिंब. नमस्कार-चमत्कार त्यांना जमत नाहीत.

"मास्तरीणबाई, पानी उतारलं. कवा येतासा?"

"येते की. काही दिसलं का त्यात?"

"न्हाई दिसलं." मग म्हणाले, "पर दिसलं न्हाई म्हंजी न्हाई, आसं कुटं आसतंय?"

म्हाताऱ्याचं हे असंच. साधं उत्तर देतानासुद्धा माणसाच्या मानेवर गार हात ठेवतो.

आमच्या तळ्याला रात्री कुणी भीत नाही. भितात ते भर दुपारी. बाराच्या ठोक्याला माणसाची सावली पायाखाली जाते, आणि ज्याला सावली नाही त्याला पाणी ओळखत नाही, असं आमच्याकडं म्हणतात. लहानपणी ऊन डोक्यावर यायला लागलं की आई धुणं अर्धं टाकून आम्हाला दंडाला धरून घरी ओढत न्यायची. पुढं शिकल्यावर मी ह्याला हसले. उन्हं लागू नयेत म्हणून जुन्या लोकांनी घातलेली भीती, दुसरं काय, असं वर्गातल्या मुलींना ऐटीत सांगितलंही. शहाणपण सावलीत बसून शिकवायला फार सोपं असतं.

त्या तळ्याची एक चाल होती. जीव ठेवायची. आमच्या गावात दोन घरांआड एक फौजी. घरातला पोरगा भरती होऊन निघाला की आदल्या दिवशी तळ्यातली एक मरळ पाटीनं धरायची, तिच्या पाठीवरच्या पराला तांब्याची बारीक बाळी अडकवायची, जिथं कान असावा तिथं तोंड नेऊन पोराचं नाव सांगायचं आणि तिला परत पाण्यात सोडायचं. पोरगा नुसतं अंग घेऊन जातो; जीव इथं राहतो. मग गोळी लागली तरी अंगाला लागेल. पेन्शन घेऊन माणूस कायमचा घरी आला की मासा धरून बाळी सोडवून घ्यायची. ह्या तळ्यातला मासा गावात कुणीच खात नसे. न जाणो, कुणाचा जीव कुणाच्या ताटात यायचा.

माझा धाकटा भाऊ बापू फौजेत निघाला तेव्हा आईनं त्याचा जीव ठेवला. पाटीत मरळ अशी शांत पडली होती की जणू तिला सगळं ठाऊक होतं. मी आईला विचारलं, "आणि माझा कधी ठेवायचा?" आई म्हणाली, "पोरींचा जीव ठिवत न्हाईत. पोरगी जाईल तितलं पानी तिला बघंल." पुढं मी लग्न होऊन पलूसला आले. इथलं पाणी नळाला येतं, तेही एक दिवसाआड. ते मला काय बघणार? बापू मात्र दोन वेळा सीमेवरनं सुखरूप आला, बाळी सोडवून घेतली आणि दहा वर्षांनी घरच्या कॉटवर झोपेत गेला.

आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या चालीत वाईट काहीच नव्हतं. बाहेरनं काही येत नव्हतं. तळ्यातला मासा धरायचा, तळ्यातच सोडायचा. मरळ ही पोरांना जपणारी जात. वैशाखाच्या सुमाराला तिची पिल्लं निघतात, शेंदरी रंगाची, शेकड्यांनी, आणि पाण्याच्या वरच्या थरात त्यांचा एक गोळा करून हिंडतात. खाली आई-बाप दोघं पहारा देतात. पाण्यात कुंकवाचा गोळा आपोआप चालावा तसं ते दिसायचं. आम्ही मुलं काठानं त्याच्या बरोबरीनं चालायचो. फार जवळ गेलं की मरळ फटकन उसळायची, आणि आम्ही किंचाळून मागं.

मग एका दुष्काळात तळं तळाला गेलं. मरळी संपत आल्या. पुढं सिंचन योजनेचं पाणी आलं, तळं भरलं, पण पाटी टाकली की रिकामी वर यायची. पोरांनी भरतीला जायचं थांबवलं नव्हतं. जीव कशात ठेवायचा? मेलेला मासा चालत नाही. हायवेच्या बाजारात निळ्या पिंपांत काळे, मिशाळ मासे वळवळत असायचे. पिशवीत घालून दोन तास एसटीनं आणले तरी गावात उतरताना जिवंत. टोपलीत ओल्या फडक्याखाली दिवसभर ठेवले तरी जिवंत. "लय चिवट जीव हाय, आसाच पायजे," असं बाया म्हणायच्या. तो परदेशी मांगूर. आफ्रिकेतनं आलेला. त्याला पाळायला बंदी आहे, पण बंदी बाजारातल्या पिंपापर्यंत पोचत नाही. आणि सीमेवर निघालेल्या पोरासाठी आई सगळ्यात न मरणारा मासा निवडणार, ह्यात तिचं काय चुकलं? मला पोरगा असता तर मीही तोच निवडला असता.

मांगूर मरळीची अंडी खातो, पिल्लं खातो. बेडूक खातो, पाण्यातले किडे खातो, पाणकोंबडीची पिल्लं ओढून नेतो. खायला काही उरलं नाही की आपल्याच जातीला खातो. पाणी खराब झालं तर वरची हवा पितो. पाणी आटलं तर गाळात दडून राहतो. नाहीच जमलं तर ओल्या जमिनीवरनं छातीच्या काट्यांवर अंग रेटत दुसऱ्या पाण्याला जातो. हे सगळं मी फळ्यावर लिहून शिकवलेलं होतं. फळ्यावरच्या माशाची भीती वाटत नाही.

बऱ्याच वर्षांत गावी राहिले नव्हते; रिटायर झाल्या झाल्या सवडीनं राहायला गेले, आणि मुद्दाम भर दुपारी तळ्यावर गेले. एवढी वर्षं हसले होते ना, मग बघू म्हटलं. गेल्या गेल्या काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळायला थोडा वेळ लागला. आवाज नव्हता. तळं म्हटलं की काठच्या गवतात काहीतरी टुणकन उडतं, टिटवी ओरडते, पाण्यावर चतुर भिरभिरतात, कुठंतरी डुबुक होतं. इथं काहीच नाही. पाणी चहाच्या रंगाचं आणि त्यावर एक किडासुद्धा नाही. माझ्या श्वासाचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला.

पिशवीत चुरमुरे होते. मूठभर टाकले. आधी एक तोंड वर आलं. रुंद, मिशांचं, बिनदातांच्या म्हाताऱ्यासारखं. मग दुसरं. मग सगळं पाणीच तोंडं होऊन गेलं. एकमेकांवर चढत, पचपच करत, शेकडो तोंडं. काही चुरमुरे काठाच्या चिखलात पडले होते. त्यांच्यासाठी ते बाहेर आले. खरंच बाहेर आले, अंग रेटत, माझ्या चपलेपर्यंत. चार-दोघांच्या पाठीवर उन्हात तांबं चमकलं. त्या बाळ्यांमागची नावं मला माहीत होती. त्यातली निम्मी पोरं माझ्या मांडीवर खेळलेली. मी पळाले. साठीची बाई, चपला तिथंच टाकून अनवाणी पळाले.

तळ्याच्या पायऱ्यांवर माझी भावजय सुमन बसली होती. बापूची बायको. तिनं मला पळताना पाहिलं, पण हसली नाही. "आवं आक्का, भिता कशाला?" ती म्हणाली. "आपलीच पोरं हायती."

सुमनचा एकुलता एक मुलगा रणजित तेव्हा वर बर्फात होता, सीमेवर. त्याचा जीव तिनं स्वतः हायवेच्या बाजारातनं आणून ठेवला होता. रोज भर बाराला, गाव दारं लावून आत बसलेलं असताना, ही एकटी तळ्यावर यायची. कारण बाराला फौजेच्या लंगरात जेवण मिळतं, असं रणजितनं तिला भरती झाल्यावर पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. तो तिथं जेवायला बसला की इथं ही त्याच्या माशाला घालायची. तो मासा तळ्यात सगळ्यात मोठा. काळाभोर, मांडीएवढा जाड. बाकीच्यांना बाजूला सारून तिच्या हाताशी यायचा आणि ती त्याला विचारायची, "जेवलास का रं? थंडी लय हाय का?" मी तिच्याशेजारी बसून हे ऐकलं आहे. मासा तोंड उघडून मिटायचा. ती मान हलवायची, जसं काही उत्तर मिळालं.

तळं वाचवायचं तर मांगूर काढायला हवेत, हे मी ग्रामसभेत सांगितलं. तळ्याच्या एका कोपऱ्यात झरा होता, तिथं मरळीची एक जोडी अजून होती. बिरूआण्णांनी ती पाहिली होती. ती गेली की ह्या तळ्यातनं मरळ संपली. कुणी ऐकून घेईना. माणसं म्हणाली, मास्तरीणबाईंना कॉलेज सुटल्यावर उद्योग नाही. बाया काहीच म्हणाल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं जास्त जड होतं. ज्यांचे जीव पाण्यात आहेत त्यांना मी ते मारायला सांगत होते.

तोडगा काढला बिरूआण्णांनी. एका सकाळी त्यांनी काठावर मरून पडलेला एक दांडगा मांगूर देवळाच्या अंगणात आणून टाकला आणि सगळ्यांदेखत कोयत्यानं फाडला. पोटातनं दोन बाळ्या निघाल्या. एक झिजून धाग्यासारखी झालेली, मरळींच्या काळातली. दुसरी नवी. नवी कुणाची, हे कुणी विचारलं नाही. बाया एकमेकींकडं बघेनात.

"जीवानं जीव खाल्ला," आण्णा म्हणाले. "आता द्येवाला इचारायचं काय ऱ्हायलं? ज्येचा त्येनं काढायचा. बाळी सोडवून देवळात ठिवायची. मरळी वाढल्या की पुन्ना बघू."

ते चार दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. कृष्णाकाठचे दोन मासेमार जाळी घेऊन आले. इंजिनं लावून पाणी खालच्या शेतांना सोडलं, जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधली, म्हणजे एकही निसटू नये. तळं खाली खाली जात एका मोठ्या डबक्यावर आलं आणि ते डबकं उकळत्या काढ्यासारखं हलत होतं. शिंगटी, वाम, बोटभर चंदेरी मासे, जे काही आपलं सापडलं ते मी पाण्याच्या टाक्यांत वेगळं काढत होते. फार नव्हतं. मांगूर मात्र जाळ्यामागून जाळी भरून निघत होते. लवकर मरावेत म्हणून डोक्यात दांडकं घाला, असं मी बजावलं होतं. तरी मासे पुरायला खणलेल्या चुन्याच्या खड्ड्यातनं दुपारभर आवाज येत राहायचा. ओल्या चामड्यावर चामडं घासल्यासारखा. जेवायला बसलं की तो आवाज ताटापर्यंत यायचा.

बाळीवाला मासा निघाला की मासेमार हाक द्यायचे. मग काठावरनं एखादी बाई उठायची, चिखलात उतरायची, "ह्यो आमचा," म्हणायची. पकडीनं बाळी तोडायची. काहींच्या बाळ्या मांसात रुतून बसल्या होत्या, कापून काढाव्या लागल्या. एक म्हातारी बाळी काढल्यावर माशाच्या पाया पडली, म्हणजे जिथं पाय असावेत तिथं. तिचा मुलगा तेव्हा तिच्या मागंच उभा होता, रजेवर आलेला, धडधाकट. तो रडत होता. मी दुसरीकडं बघायला लागले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी डबक्यात एकच मासा उरला. रणजितचा. झऱ्याच्या कोपऱ्यातलं छोटं पाणी आम्ही मातीचा बांध आणि जाळी घालून वेगळं केलं होतं. तिथं मरळीची जोडी होती आणि त्यांच्यावर पिल्लांचा शेंदरी गोळा. त्या वर्षीचा एकच.

सुमननं माझा हात धरला. "आक्का, एवढा एक राहू द्या. रणजितचा फोन पाच दिस झालं न्हाई."

मी बांधावरची जाळी ताणून बघायला लागले.

"तुमाला सोपं हाय. तुमचं कोन हाय त्यात?"

हे तिनं भांडायला म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मी हो म्हटलं. मला तिची दया आली, हे खरं. पण नुसती दया नव्हती. रणजितला काही झालं तर माझ्या नावानं होईल, ही भीती मोठी होती. एकट्या माशाला पिल्लं होत नाहीत, आपोआप संपेल, असं मी स्वतःला समजावलं. शास्त्र सोयीनं वाकवता येतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आण्णा एवढंच म्हणाले, "येक ऱ्हायला म्हंजी काम ऱ्हायलं."

सकाळी आम्ही गेलो तर डबकं स्थिर होतं. बांधाच्या ओल्या चिखलावर एक माग उमटला होता. मधोमध पोटाचा गुळगुळीत पट्टा, आणि दोन्ही बाजूंना काट्यांचे टोचे, एकाआड एक, पावलं टाकल्यासारखे. माग डबक्यातनं निघून सरळ बांधावर चढला होता. कुठं वळण नाही, कुठं थांबल्याची खूण नाही. जाळीचा खालचा कोपरा उचकटलेला. आण्णा त्या मागाशेजारी उकिडवे बसले.

"ठावं असल्यागत गेलाय," ते म्हणाले.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. सुमनकडं फोन होता, पण गावात तिच्या कंपनीची रेंज धड नसायची, म्हणून रणजितनं युनिटमध्ये घरचा नंबर म्हणून माझा दिला होता. पलीकडं त्याचा मित्र होता, साताऱ्याकडचा पोरगा. "रणजितच्या आत्ती का? रणजित बर्फात अडकला होता. तीन दिवसांपूर्वी पडला, त्याच दिवशी काढला. दवाखान्यात आहे, अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर प्रयत्न करतायत. त्याच्या आईला सांगा."

मी सांगते म्हटलं. आणि सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, ते इथं सरळ लिहून टाकते. सांगितलं असतं तर सुमननं तो मासा जन्मात पाण्यातनं काढू दिला नसता. मरळी संपल्या असत्या. सुमन आणि मरळ ह्यांत मी मरळ निवडली आणि फोन पिशवीत टाकला. तेव्हा मला वाटलं, मासा निघेपर्यंत, दुपारपर्यंतच तर थांबायचं आहे. असल्या गोष्टी माणूस तासांच्या हिशेबात करतो आणि वर्षांच्या हिशेबात भोगतो.

बाराला सुमन चुरमुरे घेऊन आली. डबक्यात काही नाही म्हटल्यावर झऱ्याकडं वळली. मी आधीपासून तिथं उभी होते. पाणी नितळ होतं, ऊन सरळ तळापर्यंत गेलेलं. शेंदरी गोळा नव्हता. एक पिल्लू नव्हतं. मरळ मात्र फिरत होती. मधे मोकळं पाणी ठेवून, ज्याच्याभोवती काल गोळा होता तेवढंच अंतर राखून, गोल गोल. तिच्या मागं नर. दोघं काहीच नसलेल्या जागेवर पहारा देत होते. आणि तळाला, दगडाच्या कडेला, रणजितचा मासा पोट फुगवून निवांत पडला होता.

सुमन किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. उन्हानं माझं डोकं भणभणायला लागलं.

"किती हुती?" तिनं विचारलं.

"पाच-सातशे असतील."

"आनि ती आजून फिरतीया."

"तिला कळत नाही गं अजून."

"कळतंय तिला," सुमन म्हणाली. "कळूनच फिरतीया."

तिनं पदर खोचला आणि पाण्यात उतरली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, हे मी पुन्हा सांगते. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं नेहमीसारखी हाक मारली, "ये रं, जेवाय ये." तो आला. इतक्या वर्षांची सवय. तिच्या दोन्ही हातांवर येऊन थांबला. तिनं त्याला पदरात घेतलं आणि वर आली. "पकड द्या," म्हणाली. बाळी तिनंच तोडली. एक मासेमार दांडकं घेऊन पुढं झाला, तर तिनं मान हलवली. "नगं. म्या बसते त्येच्यापाशी."

बाभळीखाली ती त्याला मांडीवर घेऊन बसली. मांगूर पाण्याबाहेर लवकर मरत नाही, हे मी सांगितलंच आहे. एक वाजला, दोन वाजले. तो तोंड उघडत होता, मिटत होता. ती त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत होती. मी शेजारी बसले होते आणि माझ्या पिशवीत फोन होता. आणि मी, अंधश्रद्धेवर व्याख्यानं दिलेली बाई, मनात म्हणत होते, मरू नको. एवढ्यात मरू नको. तिकडं अजून शुद्ध आलेली नाही. मधेच फोन वाजला. पिशवीचा बंद सुटता सुटेना. कानाला लावला तर कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई मला नवी कॉलर ट्यून घ्या म्हणत होती. मी ती पूर्ण ऐकली. ठेवून द्यायचं सुचलंच नाही.

चारच्या सुमाराला मासा थांबला. सुमन उठली, त्याला खड्ड्यात आपल्या हातानं ठेवलं, बाळी देवळात नेऊन दिली, आणि घरी जाऊन भाकरी केल्या.

आता तळं बरं आहे. लोक मला तसं सांगतात आणि मी डोळ्यांनी पाहतेही. दर वैशाखात पाणी उतरलं की आम्ही गाळ चाळतो, जाळी फिरवतो. पहिल्या वर्षी नऊ मांगूर निघाले, पुढच्या वर्षी दोन. बाजारातला मासा तळ्यात सोडायचा नाही, असा फलक पायऱ्यांवर लागला आहे आणि फलकापेक्षा बिरूआण्णांचा धाक मोठा आहे. मरळीनं पुढच्याच वर्षी पुन्हा पिल्लं काढली. आता तीन गोळे दिसतात. बेडूक इतके झालेत की आण्णा त्यांना शिव्या देतात. मुलं काठानं शेंदरी गोळ्याच्या बरोबरीनं चालतात, आम्ही चालायचो तशी. मी हे बघते, मला आनंद होतो, आणि आनंदाच्या मधोमध एक जागा मोकळी राहते.

रणजित वाचला. तिसऱ्या दिवशी त्याचा स्वतःचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण त्याचाच. "आत्ती, मम्मीला दे." डाव्या पायाची तीन बोटं बर्फानं नेली होती, बाकी सगळा शाबूत. सुमन देवळाच्या पायरीवर बसून त्याच्याशी बोलली. रडली, हसली, तिकडं दूध मिळतं का विचारलं. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुमाला आधीच ठावं हुतं. तुमचं तोंड बघूनच कळलं मला."

मी सगळं सांगितलं. मित्राचा फोन, पिशवी, सगळं. तिनं मला शिव्या द्याव्यात, दगड उचलावा, असं मला मनापासून वाटत होतं. तिनं तसं काही केलं नाही. फक्त विचारलं, "कवा पडला त्यो बर्फात?"

मी वार सांगितला. ती बोटांची पेरं मोजत मागं गेली आणि एका पेरावर थांबली.

"त्या दिशी मासा पान्यातच हुता."

"व्हय."

"चांगला हुता. दुपारी म्या त्येला हातानं चारलं. समदं खाल्लं त्येनं."

"व्हय, सुमन."

ती झऱ्याकडं बघत होती. मग माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. भर दुपारी कुणीतरी मागनं हाक मारावी आणि वळून बघावं तर कुणीच नसावं, तशी ती दिसत होती.

"मग आक्का," तिनं अगदी हळू विचारलं, "इतकी वर्सं म्या जेवाय कुणाला घालत हुते?"